देवरावकाकाजींचं चालणं

देवरावकाकाजी साधक होते की आजारी होते, असं कुणी विचारलं तर मी आजही गडबडते. सात वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो. त्यातली जवळपास दोन वर्षं मी रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला गेले, त्यांच्याकडून चालायला शिकले आणि जे शिकले ते चारचौघांत मिरवलंही. एवढं करून मला या माणसाचा थांग लागला नाही. मी मराठीची मास्तरीण. आपल्याला माणसं वाचता येतात असा माझा जुना समज होता. काकाजींनी तो मोडून टाकला, आणि तोही मुद्दाम नव्हे.

मी बदली होऊन पांढुर्ण्यात आले तेव्हा ते नोकरीत होते. रेल्वेत चाबीवाले. रोज सकाळी पाना आणि हातोडा घेऊन रुळांमधून मैलोन्‌मैल चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाब्या कुठे ढिल्या झाल्या असतील तर ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. खाली बघत चालायची सवय त्यांना इतकी जडली होती की समोरून कोण आलं हे ते चपलांवरून ओळखत. "मॅडम, नवी चप्पल? जुनीचा अंगठा तुटला का?" असं विचारून मग मान वर करत. आणि हसत. आवाज नाही, नुसते गाल वर चढायचे आणि डोळे बंद व्हायचे. त्यांची बायको, सुमनकाकू, म्हणत, "या हासण्यानंच मी फसली, मॅडम. पाहाले आले तवा बोलले काईच नाही, नुसते हासून राहिले. म्हटलं, मानूस गरीब दिसते."

काकू स्वतः तोंडाच्या फटकळ. दिवसभर बोलत, आणि नवरा हसला की त्यांचं बोलणं सार्थकी लागे. मला या जोडप्याचा हेवा वाटायचा हे कबूल करते.

काकाजी रिटायर झाले आणि काही महिन्यांनी त्यांच्याच रेल्वेच्या गँगमधले जुने सोबती भीमराव त्यांना नागपूरला एका विहारात घेऊन गेले. तिथे दहा दिवसांचं शिबिर होतं. बोलायचं नाही, एक वेळ जेवायचं, बसायचं आणि चालायचं. भंतेजींनी चालायला शिकवलं म्हणे. आम्ही काकूंच्या दारात बसून खूप हसलो, की ज्या माणसाने आयुष्यभर रूळ तुडवले त्याला चालायला शिकवायला नागपूर लागलं!

परत आले ते हळूहळू चालत. स्टेशनापासून घर दहा मिनिटांवर, काकाजींना पाऊण तास लागला. पाय सावकाश उचलायचा, थोडा पुढे न्यायचा, टेकवायचा. मग दुसरा. हात अंगाला चिकटलेले. मोहल्ल्यात चर्चेला ऊत आला. कुणी म्हणालं, रिटायर झाल्याचा धक्का बसला. काकूंचे एक दीर सावरगावाहून तावातावाने आले. नदीपलीकडून एवढ्या लगबगीने ते एरवी पोळ्यानंतरच्या गोटमारीलाच, दोन गावांच्या दगडफेकीलाच, येत.

"दादा, धरम बदलून राहिला का तू?"

"चालाले कोनता धरम लागते?" काकाजी म्हणाले. आवाजही आता हळू झाला होता. दीर चहा पिऊन गेले आणि जाताना मला म्हणाले, "मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या हाये. जरा ध्यान द्या." मी ते ध्यान कसं दिलं ते पुढे सांगतेच.

त्याच सुमारास मला शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी मोबाइलवर पावलं मोजणारं अ‍ॅप घेतलं, पांढरे बूट घेतले आणि निघाले. फाटकापाशी काकाजी. त्यांना ओलांडून पुढे जाणं बरं दिसेना म्हणून मी सोबत चालू लागले आणि शंभर पावलांत मला वैताग आला. मी सारखी मोबाइल काढून बघत होते.

"काय पाहून राहिल्या?"

"पावलं मोजतं हे, काकाजी."

"ते मोजते. मंग तुमी काय करून राहिल्या?"

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. मग त्यांनी मला शिकवलं. उजवा पाय उचला. मालूम पडलं का? टेकवा. मालूम पडलं का? टाच आधी का पंजा आधी? मी रागारागाने टेकवला, तर म्हणाले, "राग आला. ते मालूम पडलं का?" पडलं होतं. मला हसू आलं. ते हसले नाहीत, पण मी म्हटलं, गुरू माणूस झाला आता, कशाला हसेल.

पुढे मला त्याची गोडीच लागली. जाम नदीच्या पुलापर्यंत आम्ही जायचो. पुलावर थांबून काकाजी विचारत, "कायचा वास येऊन राहिला, मॅडम?" मी डोळे मिटून सांगायची. ओल्या गाळाचा. डिझेलचा. संत्र्यांच्या ट्रकचा, त्यातही सडक्या संत्र्यांचा वेगळा. ते लक्ष देऊन ऐकत आणि "बरोबर" म्हणत. चाळीस वर्षं मी नाक असून वापरलं नव्हतं असं मला वाटू लागलं. शाळेतली माझी चिडचिड कमी झाली, हे माझ्या मुलीने न विचारता सांगितलं. हे सगळं खरं आहे. त्यात माझी फसगत झाली नव्हती. म्हणून तर गोंधळ जास्त.

मग अंगणातल्या रेघा आल्या. एका सकाळी काकाजींनी फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या, मोजून सारख्या अंतराने. त्या रेघांवरून ते चांगले झपझप चालत. सिमेंटच्या रस्त्यावर अडखळणारा माणूस रेघांवर आला की पंधरा वर्षांनी तरुण व्हायचा. शेजारच्या बायकांनी हे पाहिलं. आठ दिवसांत दोघी-तिघी रेघांवरून चालायला येऊ लागल्या, गुडघे दुखतात म्हणून. त्यातल्या एकीने पहिल्या रेघेवर हळदीकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी दोन झेंडूची फुलं. गुरुवारी उदबत्ती.

"अवं बाई," काकाजी कळवळून म्हणाले, "स्लीपर होय ते! रुळाखालचे स्लीपर! त्याले कायले पूजता?"

बाईंनी हात जोडले. इतकी साधी वस्तू देव मानून चालणारा माणूस किती मोठा, असा त्यांनी अर्थ घेतला. मी तिथे उभी होते. मी अर्थ घेतला की काकाजींनी आपलं जुनं कामच साधना केलं. दोघींत अक्कल कुणाला कमी होती हे आता सांगायला नको.

ते चालताना उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत असे, सारखा, एका लयीत. लोक म्हणत, आतल्या आत जप चालू आहे. मी लोकांना दुरुस्त करी की भंतेजींच्या मार्गात नामाचा जप नसतो, ते श्वासाकडे लक्ष देणं असेल. माझं वाचन तेवढं वाढलं होतं.

आणि शाळेतला तो दिवस. आमच्या प्राचार्याबाईंना मी गळ घातली आणि मुलांना सजग चालणं शिकवायला काकाजींना बोलावलं. काकूंनी पांढरा शर्ट इस्त्री करून दिला होता. प्राचार्याबाई, चार शिक्षक, आठवीच्या मुली, असा लवाजमा त्यांना घेऊन हॉलकडे निघाला. हॉलच्या दारात काकाजी थांबले. उंबरठ्याशी पाय जुळवलेले, मान खाली. आम्ही मागे थांबलो. एक मिनिट झालं. दोन झाली.

"ध्यान?" प्राचार्याबाईंनी माझ्या कानात विचारलं.

"हो," मी कुजबुजले. माझा ऊर भरून आला होता.

प्राचार्याबाईंनी हात जोडले. मग शिक्षकांनी. मग मुलींनी. चार-पाच मिनिटं एवढी माणसं एका दारामागे हात जोडून उभी होती आणि टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तेवढ्यात आमचे शिपाई पाण्याचा ट्रे घेऊन आले, "सरका काकाजी" म्हणत त्यांनी काकाजींच्या कोपराला धक्का दिला, आणि काकाजी टुणकन आत गेले. मी नंतर त्या शिपायांना फैलावर घेतलं. कुणाचं ध्यान असं मोडतात का? ते बिचारे म्हणाले, "मॅडम, ते मले अडकल्यासारखे वाटले." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतं त्यातलं."

भाषण दोन वाक्यांचं झालं. "पाय उचलला का मालूम पडलं पायजे. चाला आता." दीडशे मुलं आधी खिदळली, आणि मग खरंच अर्धा तास मैदानावर आवाज न करता चालली. मी इतक्या वर्षांत त्या मैदानावर अशी शांतता ऐकली नव्हती. शेवटी अभिप्रायाच्या वहीत काकाजींनी दोन ओळी लिहिल्या. अक्षर मुंगीएवढं, पुढे पुढे आणखीच बारीक होत गेलेलं. प्राचार्याबाई म्हणाल्या, अहंकार गेला की अक्षरसुद्धा लहान होतं बघा. मी ते वाक्य घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं.

त्याच आठवड्यात सुमनकाकू संध्याकाळी माझ्याकडे आल्या. आल्या त्या दारातच बसल्या. काही बोलेनात, आणि काकू बोलत नाहीत म्हणजे काहीतरी मोठं.

"मॅडम, एक विचारू? हे मले सोडून जाऊन राहिले का?"

"कुठे?"

"तिकडं. भंतेजींकडं. चिवर घेऊन भंतेच होतेत का काय. तुमाले सांगतलं असन काई." त्या पदराचा काठ हातात गुंडाळत होत्या. "हासत नाईत आता. एकदा बी नाई. मी कितीबी बडबड करो, भिंतीकडं पाहावं तसं माह्याकडं पाहतेत. म्या मुद्दाम भाजीत मीठ नाई टाकलं, तं तसंच खाल्लं. भांडन केलं तं उठून रेघांवर चालाले गेले. माहं काई चुकलं असन तं सांगाव ना मानसानं. मन उडालं असन तं तसं सांगाव."

मला त्या क्षणी त्यांचा हात धरून काकाजींकडे न्यायला हवं होतं. ते मी केलं नाही. मी व्याख्यान दिलं. म्हटलं, काकू, मन शांत झालं की चेहराही शांत होतो. हसणं-रडणं ही वरची खळबळ. ते आता पुढे गेलेत. तुम्हीही रोज त्यांच्यासोबत चालून पाहा. काकूंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "पुढं गेले. तेच तं म्हनून राहिली मी." आणि उठून गेल्या. आजही हे लिहिताना मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

यानंतर सात-आठ महिन्यांनी त्यांच्या मुलीच्या, रंजनाच्या मुलाचं बारसं झालं. तिचं सासर सौंसरचं, रामाकोन्याकडे त्यांची संत्र्यांची बाग. काकूंनी आग्रहाने मला बरोबर नेलं. बसमध्ये खिडकीशी बसून त्या सारख्या सांगत होत्या, "नातवाले पाहून तरी हासतीन. पाहाच तुमी." सगळ्या प्रवासात त्यांनी हे चार वेळा म्हटलं.

बाळ काकाजींच्या मांडीवर दिलं. काकू समोर बसल्या होत्या, बाळाकडे न बघता नवऱ्याच्या तोंडाकडे बघत. मीही बघत होते. काकाजींनी बाळाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फक्त अंगठा बोटावर फिरत होता.

"नातू मांडीवर हाये तरी जप सुटत नाई व्याह्यांचा," रंजनाच्या सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. काकू उठून आत गेल्या.

रंजनाची नणंद नागपूरला मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. ती पंगतीत वाढत होती. ते ऐकून तिने भांडं खाली ठेवलं आणि काकाजींसमोर उकिडवी बसली.

"जप कोणता, काकाजी?"

मी लगेच समजावून सांगायला पुढे झाले. श्वास, सजगता वगैरे. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. काकाजींचं मनगट धरलं, हात कोपरातून वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला.

"काकाजी, स्वयंपाकाचा वास येऊन राहिला का तुमाले? बुंदी तळून राहिले तिकडं."

"नाई वं बाई. तीन-चार वर्स झाले, कायचाच वास नाई येत."

पुलावर मला रोज वास विचारणारा माणूस हे म्हणाला. "बरोबर" म्हणणारा माणूस. मी तिथे बुंदीच्या वासात उभी राहिले. नणंद उठली आणि भावाला म्हणाली, "उद्याच काकाजीले नागपूरले घेऊन चाल. हा जप नोहे."

तिसऱ्या दिवशी काकू नागपूरहून परत आल्या. फाटकातूनच हाक मारली. हातात संत्रा बर्फीचा डबा.

"मॅडम, बिमारी निघाली! बिमारीच हाये!"

कंपवात, म्हणजे पार्किन्सन. डॉक्टरीणबाईंनी त्यांना चित्र काढून समजावलं होतं. तोंडाचे स्नायू आखडतात, हसू आत येतं पण बाहेर दिसत नाही. आपण चालतो तेव्हा पाय आपसूक उचलले जातात, यांचे उचलले जात नाहीत, दर पावलाला मनाने सांगावं लागतं. दारात पाय गोठतात. जमिनीवर रेघा असल्या की बरं पडतं. अक्षर बारीक होतं, अंगठा आपोआप फिरत राहतो, वास जातो. काकू एकेक सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे दीडशे मुलं, जोडलेले हात आणि ते शिपाई येत होते.

"मंजे मन नोहतं उडालं," काकू म्हणाल्या. "आत हासून राहिले होते, मॅडम. बाळाले पाहून बी. म्या विचारलं डाक्टरीणबाईले, तं त्या म्हने, हो, हासलेच असतीन." त्यांनी बर्फीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"बरं होतं का हे?" मी विचारलं.

"नाई म्हने. वाढतच जाईन. दवाईनं जरासं ढिल्लं पडन." हे म्हणताना त्या पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या, आणि रडताना हसतही होत्या. अभिनंदन करावं की सांत्वन, मला कळेना. बर्फी तोंडात टाकावी की नाही हेही कळेना. ती हातात विरघळू लागली तेव्हा मी खाल्ली.

मला वाटलं, आता निदान माझा हिशेब लागला. साधना नव्हतीच, रोग होता. आम्ही मूर्ख. पण भीमराव भेटायला आले आणि तोही हिशेब बिघडला. ते म्हणाले, नोकरीच्या शेवटच्या वर्षीच देवराव मागे पडू लागला होता. म्हणायचा, पाय आयकत नाईत. भीमरावांना वाटलं, मनाचं दुखणं आहे, म्हणून त्यांनी भंतेजींकडे नेलं. आणि भंतेजींनी एकेक पाऊल लक्ष देऊन टाकायला शिकवलं नसतं, तर हा माणूस केव्हाच आपटून हाड मोडून बसला असता. आता काय म्हणावं? रोगाला औषध म्हणून जे उपयोगी पडलं तेच मी तंदुरुस्त पायांनी शिकत होते, आणि माझंही भलं झालं होतं.

शेवटी मी काकाजींनाच विचारलं. औषध सुरू होऊन महिना झाला होता, ते अंगणात बसले होते.

"काकाजी, खरं सांगा. ते ध्यान होतं की आजार?"

त्यांचं उत्तर आता उशिरा येई.

"मले तरी कुठी मालूम हाये, मॅडम. पाय उचलून राहिलो, एवढं मालूम पडे. भंतेजी म्हने, तेवढंच पायजे. मले वाटे, बराबर चालून राहिलं आपलं." पुन्हा थांबून म्हणाले, "पन बिमारी नसती तं बरं झालं असतं. हिले फालतू तरास झाला."

वासाचं विचारलं तर म्हणाले, "तुमी सांगा तं मले आठवे. संत्र्याचा कसा असते ते."

काकूंनी मात्र आपल्यापुरता तोडगा काढला. त्यांनी नवऱ्याला बजावलं, "तोंडावर दिसत नाई तं तोंडानं सांगत जा. मी काय अंतर्ज्ञानी हाये का?" आणि काकाजी सांगू लागले. भाजी खाता खाता म्हणत, "आवडून राहिली." भावाशी बोलताना म्हणत, "राग येऊन राहिला." सुरुवातीला ऐकणाऱ्याला विचित्र वाटे. काकूंना वाटत नसे. त्या पुन्हा पहिल्यासारख्या दिवसभर बोलू लागल्या.

या उन्हाळ्यात माझी छिंदवाड्याकडे बदली झाली. सामानाचा टेम्पो पुढे गेला आणि मी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेले. काकाजी ओट्यावर खुर्चीत होते, आधीपेक्षा वाळलेले. कप धरवत नव्हता म्हणून काकू बशीने चहा पाजत होत्या आणि तोंडाने माझी उणीदुणी काढत होत्या. "मॅडम गेल्या तं आता व्याख्यान कोन देईन आपल्याले? छिंदवाड्याच्या लोकायचं काई खरं नाई. तिथी बी एखांद्या बिमार मानसाले गुरू करतीन अन् शाळेत उभा करतीन." मी ओशाळून हसले. बोलणं मला लागलं होतं आणि लागायलाच हवं होतं.

काकाजींनी बशीवरून तोंड बाजूला केलं.

"अवं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "मी हासून राहिलो."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. गाल, डोळे, ओठ, काही म्हणता काही हललं नव्हतं.

काकूंनी पदराने त्यांच्या मिशीवरचा चहा टिपला आणि त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, "दिसून राहिलं ना मले."